टेकडीच्या पोटातील खोली

आपण मराठी माणसे किल्ला पाहावयास निघतो ती चढण चढण्याच्या तयारीने. पायथ्याच्या देवळात नारळ ठेवावा, दोन दरवाजे ओलांडून बुरुजाच्या सावलीत दम घ्यावा आणि माथ्यावर पोचल्यावर वारा अंगावर घेत खालचा मुलूख न्याहाळावा, ही आपली जुनी रीत. किल्ला पाहण्यासाठी जमिनीच्या पोटात उतरावे लागते, हा अनुभव मला मात्र वयाची पासष्टी उलटल्यावर आला. २०१९ साली मी सिंगापूरला मुलीकडे महिनाभर राहिलो होतो. तेथे शहराच्या ऐन मध्यभागी फोर्ट कॅनिंग नावाची टेकडी आहे. तिच्या पोटात दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सेनेचे भुयारी ठाणे असून आता त्याचे संग्रहालय झाले आहे. तेथील लोक त्याला 'बॅटल बॉक्स' म्हणतात. "बाबा, तिथं आहे काय? अंधाऱ्या खोल्या आणि मेणाचे पुतळे," असे मुलगी म्हणाली. परंतु मला तेथे जावयाचेच होते, आणि त्याचे कारण सिंगापुरात नव्हते, बेळगावात होते.

माझ्या थोरल्या चुलत्यांना घरातील लहानथोर सारे तात्या म्हणत. ते १९४० साली लष्कराच्या पुरवठा खात्यात कारकून म्हणून भरती झाले. बेळगावास मराठा पलटणीचे केंद्र १९२२ पासून आहे. कँपातला बिगुल ऐकत वाढलेल्या मुलांना लष्कर हा काही परका प्रांत वाटत नसे. त्यातून तात्यांचे अक्षर मोत्यासारखे आणि इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचे. बंदूक हाती न धरता दरमहा पगार घरी येईल, एवढाच काय तो हिशेब. १९४१ साली ते मुंबईच्या बंदरात बोटीवर चढले. मलायातून त्यांची तीन पत्रे आली. १९४२ च्या फेब्रुवारीनंतर मात्र एकही आले नाही. पुढे केव्हातरी सरकारचा छापील कागद आला, त्यात ते बेपत्ता असल्याचे लिहिले होते. आजीने तो कागद घडी घालून देव्हाऱ्यात ठेवला आणि मुलगा हाती लागला तर गोव्यास जाऊन कुलदेवीची ओटी भरीन, असा नवस बोलून ती उठली.

१९४६ साली तात्या परत आले. जाताना बोटांना शाईचे डाग असलेला हा कारकून परतला तो दोन्ही तळहातांवर जाड घट्टे घेऊन. ते कशाचे, हे त्यांनी कधी सांगितले नाही. पुढे त्यांनी आयुष्यभर एका पेढीवर हिशेब लिहिले. १९६२ साली चीनशी युद्ध जुंपले तेव्हा मी नऊदहा वर्षांचा होतो आणि शाळेत आम्हां मुलांच्या तोंडी लढाईवाचून दुसरा विषय नव्हता. एके संध्याकाळी मी धीर करून विचारले, "तात्या, तुम्ही तर खरी लढाई पाहिलीत. ती संपली कशी?" त्यांनी टाक खाली ठेवला आणि म्हणाले, "रात्री साडेआठला आम्हांला सांगितलं, लढाई संपली. कोणी संपवली, ते कोणी सांगितलं नाही." मग त्यांनी टाक पुन्हा उचलला. त्या विषयावर त्यांच्या तोंडून मी ऐकलेले एवढेच. ते १९७८ साली गेले. 'कोणी संपवली' हा प्रश्न मात्र माझ्यापाशी तसाच राहिला.

या टेकडीचे जुने मलायी नाव बुकित लारांगान, म्हणजे निषिद्ध टेकडी. पूर्वी येथे राजांचे वास्तव्य होते आणि सामान्य प्रजेला वर येण्यास मज्जाव होता, असे सांगतात. पुढे इंग्रजांनी येथे किल्ला बांधला. तो १८६१ साली पुरा झाला आणि १९०७ मध्ये पाडलाही गेला. आज त्याचा एक दरवाजा तेवढा उभा आहे. भोवती प्रचंड जुने वृक्ष, त्यांच्या खोडांवर वेल चढलेले, हिरवळीवर खेळणारी मुले. या हिरवळीखाली शेकडो माणसांनी दिवसरात्र काम केले असेल, असे वरून पाहताना कोणाच्या मनातही येणार नाही.

आमच्याबरोबर वाट दाखविणारी एक चिनी वंशाची तरुण मुलगी होती. तिने झाडीतील एका जाड दरवाजापाशी आम्हांस उभे केले आणि बाँबचा धक्का व विषारी वायू अडविण्यासाठी तो कसा घडविला आहे, ते समजावून सांगितले. त्यानंतर पायऱ्या उतरून आम्ही सुमारे तीस फूट खाली गेलो. हे ठाणे १९३० नंतरच्या दशकात, युद्धाची चिन्हे दिसू लागल्यावर, सिमेंट काँक्रीटमध्ये बांधण्यात आले. वीसहून अधिक खोल्या एका अरुंद बोळाच्या दोन्ही अंगांस आहेत. एकीत टेलिफोनचे जोडणीघर, दुसरीत सांकेतिक संदेश उलगडणाऱ्यांची मेजे, तिसरीत मोठा नकाशा पसरून शत्रूच्या विमानांची जागा लांब काठ्यांनी सरकवीत राहण्याची व्यवस्था. खिडकी कोठेच नाही. आज यंत्राने थंड हवा खेळविली आहे. त्या दिवसांत मात्र माणसांच्या दाटीने आत जीव गुदमरत असे. युद्धानंतर काही वर्षांनी या भुयाराला टाळे लागले आणि लोक त्याला विसरलेही. १९८८ साली ते पुन्हा उघडण्यात आले आणि १९९७ साली संग्रहालय म्हणून लोकांस खुले झाले.

या बोळाच्या एका वळणावर ती खोली आहे. मध्ये लांब मेज, त्याभोवती खाकी गणवेषातील मेणाचे पुतळे. टोकाशी बसलेला उंच, किडकिडीत पुरुष म्हणजे मलायाचा सरसेनापती आर्थर पर्सिव्हल. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्याने आपले ठाणे शहराबाहेरून या टेकडीत हलविले. तोवर सारा मलाया हातचा गेला होता. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सेना कोटा भारूच्या किनाऱ्यावर उतरली. तेथे किनारा अडवून धरणारी पलटण डोग्रांची होती आणि जवळच्या विमानतळाच्या रक्षणास हैदराबाद संस्थानची पलटण होती. पर्सिव्हलच्या हाताखालील फौजेत इंग्रज होते, ऑस्ट्रेलियन होते, परंतु सर्वांत मोठा भाग हिंदी सैनिकांचा होता. ८ फेब्रुवारीच्या रात्री जपानी सैनिक सामुद्रधुनी ओलांडून सिंगापूर बेटावर आले. त्यांची संख्या बचाव करणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होती, परंतु आकाश त्यांचे होते आणि पुढाकारही त्यांचा होता.

१५ फेब्रुवारी हा रविवार होता, आणि चिनी लोकांच्या नववर्षाचा पहिला दिवसही. सकाळी पर्सिव्हलने आपल्या धर्माप्रमाणे प्रार्थना केली आणि साडेनऊच्या सुमारास आपल्या सेनाधिकाऱ्यांना याच ठाण्यात बोलाविले. अन्नाची व पेट्रोलची मोठी कोठारे शत्रूच्या हाती गेली होती. जलाशय गेले होते. बाँबवर्षावाने नळ जागोजाग फुटून उरलेसुरले पाणी रस्त्यावर वाहत होते. निर्वासितांची भर पडून शहरात सुमारे दहा लक्ष माणसे कोंडली होती. प्रश्न दोनच होते. उलट हल्ला करून कोठारे परत घ्यावयाची, की शस्त्रे खाली ठेवावयाची? हल्ल्याची शक्यता कोणासही दिसेना. शस्त्रे ठेवण्याचे ठरले. सायंकाळी बुकित तिमाह येथील फोर्ड मोटारीच्या कारखान्यात पर्सिव्हलने जपानी सेनापती यामाशिता याच्यापुढे शरणपत्रावर सही केली. त्याच रात्री साडेआठ वाजता तोफा थांबल्या. आपल्यापाशीही दारूगोळा थोडाच उरला होता आणि आपण केवळ दटावणीवर वेळ मारून नेली, हे यामाशिताने पुढे स्वतःच लिहून ठेवले.

रात्री साडेआठ! तात्यांनी सांगितलेली वेळ त्या मुलीच्या तोंडून ऐकताना माझ्या अंगावर काटा उभा राहिला. ज्या प्रश्नाचे उत्तर तात्यांना कोणी दिले नाही, ते येथे मेणात ओतून, मंद दिव्याखाली मांडून ठेवले होते. मी त्या पुतळ्यांचे चेहरे एकेक करून पाहिले. मनात राग शोधला, पण तो सापडेना. निर्णय चुकीचा होता, असे मला म्हणावयाचे नाही. पाण्यावाचून तडफडणाऱ्या शहरात आणखी चार दिवस लढत राहणे म्हणजे स्त्रियांमुलांची राखरांगोळी करणे होते. शिवाय पर्सिव्हल काही पळून गेला नाही. तोही कैदेत गेला आणि साडेतीन वर्षांनी मांचुरियातून हाडांचा सापळा होऊन सुटला. मला बोचले ते निराळेच. या मेजाभोवती बसलेल्यांत ज्यांच्या जिवावर ही लढाई चालली होती, त्या हजारो हिंदी शिपायांपैकी एकही नव्हता. त्यांना विचारणे तर दूरच, पुढे काय वाढून ठेवले आहे ते सांगण्याचीही कोणास आठवण झाली नाही.

पुढे काय झाले, ते इतिहासात नमूद आहे. १७ फेब्रुवारीस चाळीस हजारांहून अधिक हिंदी सैनिकांना फॅरर पार्कच्या मैदानावर जमविण्यात आले. इंग्रज अधिकाऱ्यांना चांगीकडे निराळे पाठविले होते. एका इंग्रज अधिकाऱ्याने चार शब्द बोलून या साऱ्यांना जपानी मेजर फुजिवारा याच्या स्वाधीन केले. फुजिवाराचे जपानी भाषण आधी इंग्रजीत आणि मग हिंदुस्थानीत सांगितले गेले. त्यानंतर कॅप्टन मोहनसिंग बोलण्यास उभे राहिले आणि आझाद हिंद सेनेची हाक प्रथम तेथे उठली. हजारो त्या सेनेत गेले. हजारोंनी नकार दिला. नकार देणाऱ्यांपैकी अनेकांना पुढे न्यू गिनी व आसपासच्या बेटांवर मजुरीसाठी नेण्यात आले आणि त्यांतील कित्येक उपासमारीने व रोगाने तेथेच संपले. शहरातील चिनी लोकांची गत तर याहून भयंकर झाली. तरुण पुरुषांना वेचून काढून जपान्यांनी हजारोंच्या संख्येने समुद्रकाठी नेऊन मारले. आमच्या वाटाड्या मुलीने हे सांगताना आवाज चढविला नाही, डोळे मात्र भिंतीकडे वळविले. आणि मला तात्यांच्या तळहातांवरचे ते घट्टे आठवले. लेखणी धरणाऱ्या हातांवर ते कोठून आले, याचा उलगडा झाल्यासारखे वाटले.

बाहेर उजेडात आलो तेव्हा डोळे दिपले. टेकडी उतरून आम्ही टँक रोडवर आलो. तेथे पायथ्यालगतच चेट्टियार लोकांचे मुरुगनाचे, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामींचे मोठे देऊळ आहे. मूळ देऊळ १८५९ सालचे. सध्याची वास्तू मात्र त्याच जागी नव्याने उभारलेली, १९८३ सालची. तैपूसमच्या दिवशी कावडी घेतलेल्या भक्तांची यात्रा येथेच येऊन पोचते. पाय धुऊन आत जाऊन बसलो. उदबत्तीचा वास, ओल्या फरशीचा गारवा आणि कोठूनतरी येणारा नादस्वर. भुयारातील कोंदट तास मनावरून हळूहळू उतरू लागला. तेवढ्यात या देवळाची एक हकीकत आठवली. ती मी पूर्वी वाचली होती, परंतु जागा ध्यानात राहिली नव्हती.

१९४३ च्या जुलैमध्ये सुभाषबाबू सिंगापूरला येऊन आझाद हिंद सेनेचे नेते झाले आणि २१ ऑक्टोबरला याच टेकडीच्या दुसऱ्या अंगास असलेल्या कॅथे इमारतीत त्यांनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. त्या सुमारास या देवळाकडून त्यांना बोलावणे आले. निधीही मिळावयाचा होता. सुभाषबाबूंनी जाण्याचे नाकारले. जेथे अन्य जातींच्या हिंदूंना आणि अन्य धर्मांच्या माझ्या सहकाऱ्यांना येऊ देत नाहीत, तेथे मी येणार नाही, असे त्यांनी कळविले. देवळाच्या लोकांनी विचार केला आणि सर्वांसाठी दार उघडण्याचे मान्य केले. मग सुभाषबाबू गेले. त्यांच्यासोबत आबिद हसन होते. हे हैदराबादचे गृहस्थ जर्मनीपासून पाणबुडीच्या प्रवासात त्यांचे सोबती होते. बरोबर मुसलमान सेनाधिकारी महंमद झमान कियानीही होते. पुजाऱ्यांनी सर्वांच्या कपाळी टिळा लावला. बाहेर पडल्यावर सुभाषबाबूंनी तो पुसला आणि बरोबरच्यांनीही पुसला, असे या हकीकतीत सांगितले आहे.

हे टिळा पुसणे मला प्रथम खटकले. देवाचा प्रसाद कपाळावरून का पुसावा? त्या देवळात बसून विचार करताना मात्र वाटले की, गणवेष अंगावर असलेला तो माणूस त्या घटकेस कोणा एकाचा नव्हता. आत येताना त्याने सर्वांना बरोबर घेतले आणि बाहेर पडताना कोणाहून निराळा राहिला नाही. त्याच्या भक्तीचे माप मी कपाळावरच्या रेघेने का घ्यावे? शिवाय मोठेपणा एकट्या सुभाषबाबूंचा नव्हे. ज्या वृद्ध विश्वस्तांनी शतकाची रीत बाजूला ठेवून दार उघडले, त्यांनाही मनात काही झुंज द्यावी लागली असेल.

आणि येथे मला आमच्या कुलदेवतेचे देऊळ आठवले. १९४६ साली आजी नवस फेडण्यासाठी तात्यांना घेऊन गोव्यास गेली. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राज्य होते. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे आगगाडी आणि सरहद्दीवर सामानाची झडती, असा तो प्रवास. ओटीचे सामान घेऊन आजी पुढे निघाली तेव्हा देवळातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तात्यांस थांबविले. समुद्र ओलांडून गेलास, चार वर्षे कोणाच्या पंक्तीस जेवलास, आधी प्रायश्चित्त घे आणि मग आत ये, असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. रीत होती ती त्यांनी सांगितली. आजी प्रायश्चित्तास तयार होती. दक्षिणाही तिने पदरास बांधून आणली होती. तात्या मात्र सभामंडपातील डावीकडच्या खांबाशी उभे राहिले आणि कोकणीत एवढेच म्हणाले, "हांव भायरच बरो." मी बाहेरच बरा. भुकेने मरणाऱ्या सोबत्यांबरोबर जे वाटून खाल्ले, त्याला पाप म्हणवून घेण्यास त्यांची जीभ वळली नसावी. त्यानंतर बत्तीस वर्षे दरसाल ते जत्रेस गेले आणि दरसाल त्याच खांबापासून नमस्कार करून परतले. पुढे ती रीत सैल झाली, समुद्र ओलांडणे कोणी विचारीनासे झाले, तरी ते पुढे सरकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला घेऊन क्रांजीच्या युद्धस्मारकास गेलो. शहराच्या उत्तरेस एका उतारावर पांढऱ्या शिळांच्या ओळी आहेत आणि माथ्यावरील भिंतींवर ज्यांची थडगी नाहीत अशा चोवीस हजारांहून अधिक जणांची नावे कोरली आहेत. मुख्य स्मारकाच्या मागील बाजूस आणखी एक लहान स्मारक आहे. आपापल्या धर्मानुसार ज्यांचे देह अग्नीच्या स्वाधीन करण्यात आले, अशा जवळजवळ आठशे जणांचे ते स्मारक. त्यांतील बहुतेक हिंदी सैनिक. तात्यांचे नाव तेथे असण्याचे कारण नव्हते, पण त्यांच्या पंक्तीचे कोणी ना कोणी तेथे असणार. मुलीने ओंजळभर फुले आणली होती, ती वाहिली. मरणानंतर का होईना, यांना कोणी तुझी रीत काय, असे विचारले आणि त्याप्रमाणे अग्नी दिला, याचे मला समाधान वाटले.

वाचकहो, परक्या सेनापतींचा निवाडा करण्यासाठी मी हे लिहावयास बसलो नाही. वीस वर्षे मी आमच्या देवस्थानच्या समितीत बसत आलो आहे. आमची बैठक अग्रशाळेच्या माडीवर दार लावून होते. उत्सवात कोणी कोठवर यावे, पंगत कोणाची कोठे बसावी, हे तेथे ठरते आणि संध्याकाळी खाली सभामंडपात ते सांगितले जाते. आम्ही सारे सज्जन आहोत, देवीवर आमची निष्ठा आहे. परंतु खाली खांबाशी उभ्या असलेल्या माणसाला आम्ही कधी काही विचारले आहे, असे मला आठवत नाही. टेकडीच्या पोटातील त्या मेजाभोवती मी ज्यांचे चेहरे निरखून पाहिले, त्यांच्यात आणि माझ्यात मग अंतर ते किती?

परतल्यावर समितीच्या पहिल्याच बैठकीत मी तात्यांची हकीकत सांगितली आणि असे प्रश्न यापुढे सभामंडपात सर्वांदेखत मांडून मगच ठरवावेत, अशी सूचना केली. बराच वेळ कोणी बोलले नाही. अखेर विषय पुढील बैठकीवर ठेवण्यात आला. मात्र जिना उतरताना दोन तरुण महाजन माझ्याजवळ येऊन म्हणाले, "काका, पुढच्या वेळी पुन्हा मांडा. आम्ही बोलू."

त्या वर्षीच्या जत्रेत माझा पुढे उभे राहण्याचा मान मी घेतला नाही. डावीकडच्या त्या खांबाशी जाऊन उभा राहिलो. तेथून समईची ज्योत दिसते, देवीचे मुख दिसत नाही. आरती संपेपर्यंत मी तेथेच होतो. आसपास कोण कोण उभे असते, ते इतक्या वर्षांत प्रथमच पाहिले.